आकड्यामागचे चाक

चाकणच्या कारखान्यात तयार होणारी केटीएम ३९० ड्यूक ही महाराष्ट्रातल्या तरुण मोटारसायकलस्वारांच्या चांगल्या ओळखीची गाडी. ३७३ सीसीच्या पिढीत तिच्या इंजिनाची कमाल शक्ती कंपनीने सुमारे ४३ अश्वशक्ती सांगितली होती. तीच गाडी डायनोवर, म्हणजे मागचे चाक रोलरवर ठेवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर चढवली, की कागदावर उमटणारा आकडा त्याहून बराच खाली असतो. मोटारसायकलींच्या बाबतीत ही तूट साधारण १० ते १५ टक्के धरली जाते आणि तिचे कारणही उघड आहे. इंजिनापासून चाकापर्यंत येताना गिअर, चेन आणि बेअरिंग आपापला वाटा घेतात. पण मूळचा १५०/६०-१७ मापाचा मागचा टायर काढून त्याजागी १६०/६० किंवा १४०/७० बसवला आणि इंजिनाला हातही लावला नाही, तरी आकडा पुन्हा हलतो. यावरून ‘जड टायर शक्ती खातो’ असा समज पसरला आहे. त्याच्या जोडीने दुसरा समजही आहे, की डायनोचा कागद म्हणजे इंजिनाचे प्रमाणपत्र. हे दोन्ही समज एकाच गैरसमजुतीतून आले आहेत. डायनोवरचा आकडा एकट्या इंजिनाचा कधीच नसतो. इंजिन, गिअर, चाक, टायर, त्यातली हवा, गाडी आवळणारा पट्टा आणि खालचा रोलर अशा सगळ्या मांडणीचा तो आकडा असतो. मांडणी नोंदवली नसेल, तर त्या आकड्यावरून इंजिनाविषयी फारसे काही सांगता येत नाही.

शक्ती मोजण्याची रीत जुनी आहे. जेम्स वॉटने मिनिटाला ३३,००० फूट-पौंड एवढे काम म्हणजे एक अश्वशक्ती असे माप ठरवले. आजच्या एककांत ते सुमारे ७४६ वॅट होते. १८२१ मध्ये फ्रेंच अभियंता गास्पार द प्रोनी याने फिरत्या दांड्याला ब्रेक लावून आणि त्या ब्रेकची ओढ तोलून शक्ती काढण्याची युक्ती दिली. पुढे इंग्लंडमध्ये विल्यम फ्राउडने घर्षणाच्या ब्रेकऐवजी पाण्याचा रोध वापरला. या सगळ्या पद्धतींत एक गोष्ट समान होती. इंजिन एका ठरावीक वेगावर स्थिर ठेवायचे, ओढ मोजायची आणि ओढीला वेगाने गुणायचे. कारखान्यातला इंजिन-डायनो आजही याच घराण्यातला आहे. मोटारसायकलच्या इंजिनाची निव्वळ शक्ती मोजण्यासाठी आयएसओ ४१०६ हे मानक आहे आणि तशा चाचणीत इंजिन बाकावर एकटेच बसते. तिथे टायर नसतो, चेन नसते. जाहिरातीतला आकडा साधारणपणे असा आलेला असतो.

गॅरेजमध्ये मात्र इंजिन उतरवून बाकावर बसवणे परवडत नाही. म्हणून अमेरिकेतल्या डायनोजेटसारख्या कंपन्यांनी लोकप्रिय केलेला जडत्वाचा डायनो जगभर पसरला. त्याची कल्पना साधी आहे. लोखंडाचा एक जड ड्रम घ्यायचा. त्याचे जडत्व आधीच मोजून ठेवायचे. मागचे चाक त्यावर टेकवून एकाच गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि ड्रम किती झपाट्याने वेग घेतो ते पाहायचे. ड्रमच्या गतिज ऊर्जेत दर सेकंदाला पडणारी भर म्हणजे शक्ती. इथे ओढ तोलणारा काटा लागत नाही, घड्याळ पुरते. स्वस्त, टिकाऊ आणि पुन्हापुन्हा जवळपास तेच उत्तर देणारी ही पद्धत आहे. पण तिच्या मुळाशी एक गृहीत आहे. यंत्राला फक्त आपल्या ड्रमचे जडत्व ठाऊक असते. ड्रमबरोबरच मागचे चाक, डिस्क, स्प्रॉकेट, चेन, क्लच आणि क्रँकशाफ्ट हेही वेग घेत असतात. त्यांना वेग देण्यासाठी इंजिनाने खर्च केलेली शक्ती ड्रमपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे यंत्राला ती दिसत नाही.

फिरत्या वस्तूचे जडत्व नुसत्या वजनावर ठरत नाही; वजन आसापासून किती लांब आहे यावर ते अधिक ठरते. जात्याची जड वरची तळी सुरू करताना हाताला जोर लागतो आणि एकदा फिरू लागली की ती हलकी वाटते. तेच इथे घडते, आणि चाकातले सर्वांत लांबचे वजन टायरचे असते. हिशेब मांडून पाहू. समजा ड्रम ४०० किलोचा भरीव दंडगोल आहे. भरीव दंडगोलाचे जडत्व त्याच्या पृष्ठभागावर निम्म्या वजनाइतके जाणवते, म्हणजे चाकाला तो २०० किलोचे ओझे ढकलल्यासारखा वाटेल. टायर ५ किलोचा असेल आणि त्याचे बहुतेक वजन बाहेरच्या कडेला असेल, तर तो सुमारे ४ किलोचे ओझे होईल. रिमचे वजन आसाच्या जवळ असल्यामुळे ती साधारण २ किलो. एकूण ओझे झाले २०६ किलो आणि यंत्राने मोजले २००. चाकाला मिळालेल्या शक्तीपैकी जवळपास ३ टक्के अशा रीतीने नोंदीतून गळाले. आता टायर १ किलोने जड केला तर ओझे सुमारे ०.८ किलोने वाढेल आणि आकडा ०.४ टक्क्याने घटेल. चाकावर ३८ अश्वशक्ती असलेल्या गाडीच्या कागदावर ही घट ०.१५ अश्वशक्तीची दिसेल. टायर ३ किलोने जड केला, जे या मापात अतिरेकीच ठरेल, तरी घट अर्ध्या अश्वशक्तीच्या आत राहील.

या छोट्या आकड्यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, वजनाचा परिणाम खरा आहे. तो भ्रम नव्हे. दुसरा अधिक महत्त्वाचा. ही शक्ती नष्ट झालेली नाही, ती फिरत्या टायरमध्ये ऊर्जा म्हणून साठली आहे आणि थ्रॉटल सोडल्यावर तीच ऊर्जा चाकाला फिरत ठेवते. याचा निर्णायक पुरावा डायनोवरच मिळतो. ज्या यंत्रांत ड्रमला विद्युतचुंबकी ब्रेक जोडलेला असतो, त्यांवर तीच गाडी आणि तोच टायर ठेवून ब्रेकचा भार वाढवत न्यावा. वेग घेण्याचा दर जसजसा मंदावेल तसतसा टायरच्या जडत्वात अडकणारा वाटा कमी होईल. गाडी एका वेगावर स्थिर धरली की तो वाटा शून्य होईल, टायर कितीही जड असो. वजन खरोखर शक्ती खात असते, तर स्थिर वेगावरही त्याने ती खाल्ली असती. सपाट रस्त्यावर गाडीचा कमाल वेग टायरच्या जडत्वामुळे कमी होत नाही, तो याच कारणाने.

आता टायरच्या मापाकडे वळू. १५०/६०-१७ टायरचा व्यास हिशेबाने सुमारे ६१२ मिलिमीटर येतो, १६०/६०-१७ चा ६२४ आणि १४०/७०-१७ चा ६२८. म्हणजे परीघ अनुक्रमे दोन आणि अडीच टक्क्यांनी वाढतो. मोठ्या परिघाचे चाक इंजिनाच्या त्याच फेऱ्यांत अधिक अंतर कापते, पण जमिनीवरचा रेटा तेवढ्याच प्रमाणात कमी करते. ४५ दात्यांच्या मागच्या स्प्रॉकेटचा एक दाता कमी करण्यासारखाच हा बदल आहे. रेटा घटला आणि वेग वाढला, तर त्यांचा गुणाकार, म्हणजे शक्ती, बदलण्याचे कारण नाही. तरीही आकडा हलतो, तो दुसऱ्या वाटांनी. चाक मोठे म्हणजे त्याच इंजिन-फेऱ्यांवर ड्रम अधिक वेगात, आणि वेग वाढला की टायरमध्ये होणारे शक्तीचे नुकसानही वाढते. शिवाय इंजिनाच्या फेऱ्या स्पार्क प्लगच्या वायरवरून न घेता ड्रमच्या वेगावरून काढल्या असतील, तर टायर बदलल्यावर ते प्रमाण नव्याने बसवावे लागते. ते विसरले तर शक्तीचा आलेख आडवा सरकतो आणि टॉर्कचा आकडा सरळसरळ चुकतो, कारण टॉर्क हा शक्तीला फेऱ्यांनी भागूनच काढलेला असतो. ‘मोठा टायर टाकल्यावर टॉर्क घटला’ अशा दाव्यामागे ही साधी चूक तर नाही ना, हे आधी तपासले पाहिजे.

वजन आणि माप यांवर एवढी चर्चा होते, पण टायर खरी शक्ती खातो ती त्याच्या लवचीकपणातून. रस्त्याला टेकलेला टायरचा भाग दर फेरीत दबतो आणि पुन्हा फुगतो. रबर दबताना घेतलेली सगळी ऊर्जा परत देत नाही. उरलेली उष्णता बनते. ही ऊर्जा साठत नाही, ती कायमची जाते. ड्रमवर हे नुकसान रस्त्यापेक्षा जास्त असते, कारण गोल ड्रम टायरमध्ये अधिक खोल रुततो. टायर-अभियांत्रिकीत यासाठी एक अंदाजी सूत्र वापरतात: टायरची त्रिज्या भागिले ड्रमची त्रिज्या, त्यात एक मिळवा आणि वर्गमूळ काढा. टायरची त्रिज्या ३०६ मिलिमीटर आणि ड्रमची २२५ धरली, तर उत्तर सुमारे १.५४ येते, म्हणजे लोळण्याचा रोध रस्त्याच्या दीडपट. मागच्या चाकावर १५० किलोचा भार आणि रस्त्यावरचा रोध भाराच्या दीड टक्का धरला, तर ताशी १५० किलोमीटरला ड्रमवर जवळपास १.९ अश्वशक्ती टायरच्या गरम होण्यात जाते. आता गाडी खाली आवळणारा पट्टा ५० किलोने अधिक ताणा. त्याच हिशेबाने आणखी ०.६ अश्वशक्ती गेली. म्हणजे एका पट्ट्याच्या ताणाने आकड्यावर केलेला परिणाम टायरच्या १ किलो जादा वजनाच्या चौपट झाला. एका टायरचा रोध दीड टक्का आणि दुसऱ्याचा दोन टक्के असेल, तरी फरक साधारण तेवढाच पडतो. टायरमधली हवा ३० पीएसआयवरून २४ वर उतरली, तर तेवढ्यानेही वजनाइतका फरक पडू शकतो.

याच रांगेत घसरणही येते. वेग घेणारे चाक ड्रमवर थोडे तरी घसरतेच. चाकाचा पृष्ठभाग ड्रमच्या पृष्ठभागापेक्षा किंचित वेगात असतो. दर एक टक्का घसरणीमागे एक टक्का शक्ती टायरच्या पृष्ठभागावर उष्णता होऊन जाते. म्हणून दोनशे अश्वशक्तीच्या गाड्यांवर टायरची पकड आणि पट्ट्याचा ताण आकड्यात सहज दोन-तीन अश्वशक्तींचा फरक करू शकतात. इथे दोन गरजा एकमेकींविरुद्ध जातात. पट्टा ताणला तर घसरण कमी होते आणि दबण्याचे नुकसान वाढते. सैल ठेवला तर उलटे. यात भर पडते तापमानाची. थंड टायर जास्त ऊर्जा गिळतो आणि तापलेला कमी. इंजिन व गिअरबॉक्समधल्या तेलाचेही तसेच. त्यामुळे काहीही न बदलता घेतलेली तिसरी धाव पहिलीपेक्षा चांगली येऊ शकते. नवा एअर फिल्टर किंवा सायलेन्सर बसवून ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी तुलना केली जाते, तेव्हा ‘नंतर’ची धाव नेमकी तापलेल्या गाडीवर होते. सुधारणेचा काही भाग फिल्टरचा असतो आणि काही भाग तापलेल्या रबराचा. जुना फिल्टर पुन्हा लावून शेवटी आणखी एक धाव घेतल्याशिवाय हे दोन भाग वेगळे करता येत नाहीत.

गिअर हा तर टायरपेक्षा मोठा घटक आहे. क्रँकशाफ्ट आणि क्लच यांचे जडत्व चाकापाशी किती जाणवेल, हे एकूण गिअर-प्रमाणाच्या वर्गावर ठरते. पहिल्या गिअरचे प्रमाण शेवटच्या गिअरच्या तिप्पट असेल, तर इंजिनाचे जडत्व पहिल्या गिअरमध्ये नऊपट जड भासते. म्हणून तीच गाडी खालच्या गिअरमध्ये चालवली तर डायनोवर कमी शक्ती दाखवते. जड फ्लायव्हीलच्या सिंगल सिलिंडर गाड्यांत हा परिणाम आणखी ठळक असतो. इंजिन मात्र तेच आहे. एखाद्या कागदावर अश्वशक्ती लिहिली आहे आणि गिअर लिहिलेला नाही, तर तो आकडा दुसऱ्या कशाशीही ताडून पाहता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की डायनोचे सॉफ्टवेअर दुरुस्ती करते. करते, पण कशाची, ते पाहायला हवे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तिथल्या हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळपास ६ टक्के कमी असतो आणि टर्बो नसलेले इंजिन तेवढीच कमी शक्ती देते. ३८ अश्वशक्तीवर हा फरक दोन अश्वशक्तींहून मोठा आहे. एसएई जे१३४९ सारख्या मानकांची दुरुस्ती याच फरकासाठी असते: दाब, तापमान आणि आर्द्रता. टायरसाठी त्या सूत्रात जागाच नाही. काही यंत्रांत धाव संपल्यावर क्लच दाबून ड्रम आपोआप मंदावू देतात आणि त्यावरून नुकसानीचा अंदाज काढतात. ही पद्धत चांगली आहे, तिने टायरच्या दबण्याचा बराच हिशेब लागतो. पण मोकळ्या लोळण्यात चाकावर रेटा नसतो. पूर्ण शक्तीने ओढताना होणारी घसरण आणि चेनवरचा भार त्या मोजमापात येत नाहीत. अंदाज सुधारतो, इंजिनाचा निखळ आकडा तरीही हाती लागत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी स्वारांचा आहे आणि तो मनापासून ऐकण्यासारखा आहे. हलके चाक बसवल्यावर गाडीचा पिकअप खरोखर सुधारतो; मग शक्ती वाढली असे म्हणण्यात चूक काय? रस्त्यावर टायरचा प्रत्येक किलो दोनदा मोजला जातो, एकदा गाडीबरोबर पुढे जाताना आणि एकदा स्वतःभोवती फिरताना. स्वारासह सव्वादोनशे किलोच्या गाडीवर टायरचा १ किलो जवळपास १.८ किलोसारखा वागतो, म्हणजे वेग घेण्याच्या क्षमतेत सुमारे ०.८ टक्क्याचा फरक. शिवाय हलक्या चाकाने सस्पेन्शनला खड्ड्यांवर काम करणे सोपे जाते आणि गाडी वळवताना हाताला हलकी लागते. हे सगळे फायदे खरे आहेत आणि त्यांसाठी पैसे मोजणे शहाणपणाचे ठरू शकते. पण तो फायदा वेग घेण्याचा आहे, इंजिनाच्या शक्तीचा नाही. लांबच्या घाटात एका वेगावर चढताना हलक्या चाकाने इंजिन अधिक बलवान होत नाही. कोणत्या गोष्टीसाठी आपण खर्च करतो आहोत हे ठाऊक असले, तर समाधानही योग्य ठिकाणी मिळते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: फरक जर एक-दोन टक्क्यांचाच असेल, तर एवढा काथ्याकूट कशाला? कारण बाजारात विकली जाणारी सुधारणाही बहुतेक वेळा एक-दोन टक्क्यांचीच असते. चाळीस अश्वशक्तीच्या गाडीवर फिल्टरने अर्धी आणि सायलेन्सरने एक अश्वशक्ती वाढली असे सांगितले जाते, तेव्हा तो दावा आणि पट्टा, हवा, तापमान व टायर यांची एकत्रित चूक एकाच मापाच्या असतात. पगारातून हप्ते भरून गाडी घेतलेल्या तरुणासाठी हजारो रुपयांचा सायलेन्सर ही मोठी खरेदी आहे. तिच्या समर्थनार्थ दाखवलेला आलेख टायरमधल्या हवेने तयार झाला असेल, तर त्याची फसवणूक झाली आहे, मग ती कोणी जाणूनबुजून केलेली नसली तरीही. प्रामाणिक ट्यूनरचेही यात नुकसान आहे. इंजिनाच्या संगणकाच्या, म्हणजे ईसीयूच्या, मॅपवर दिवसभर मेहनत करून त्याने खरोखर मिळवलेली एक अश्वशक्ती आणि शेजारच्या गॅरेजने पट्टा सैल करून दाखवलेली एक अश्वशक्ती कागदावर सारखीच दिसतात.

जिथे आकड्यावर कायद्याचा निर्णय अवलंबून असतो, तिथे हे भान पाळलेले दिसते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण-मानकांमध्ये दुचाकींच्या धुराची चाचणी डब्ल्यूएमटीसी या जागतिक चक्रानुसार रोलरवर होते. भारतातल्या अशा चाचण्यांचे एक प्रमुख केंद्र म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. त्या पद्धतीत रोलरचा व्यास किमान किती असावा हे ठरलेले आहे. गाडी आणि ७५ किलोचा स्वार यांच्या वजनाला जुळेल असे जडत्व यंत्रावर बसवावे लागते, रस्त्यावरचा रोध वेगळा ठरवून त्यात घालावा लागतो आणि टायरमधल्या हवेचेही नियम आहेत. तिथे अश्वशक्तीची स्पर्धा नसते, धुराचे ग्रॅम मोजायचे असतात. तरीही मागचे चाक हा मोजमापाचा भाग आहे हे तिथे धरूनच चाललेले असते. गॅरेजमधल्या डायनोकडून प्रयोगशाळेच्या अचूकतेची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. नोंदीची अपेक्षा मात्र अन्यायाची नाही, कारण तिला काहीच खर्च येत नाही.

ही नोंद एका ओळीत मावते: टायरचे माप आणि बनावट, थंड टायरमधली हवा, गिअर, दुरुस्तीचे मानक, आणि धाव कितवी. पट्टा दर वेळी त्याच खुणेपर्यंत ताणावा. तुलना करायची असेल तर ती त्याच दिवशी, त्याच यंत्रावर आणि त्याच टायरवर व्हावी. प्रत्येक स्थितीत किमान तीन धावा घ्याव्यात आणि शेवटी जुना भाग पुन्हा बसवून आकडा मूळ जागी परततो का ते पाहावे. एवढे करूनही फरक दोन टक्क्यांहून कमी असेल, तर तो सिद्ध झाला असे मानू नये. दोन शहरांतल्या, दोन यंत्रांवरच्या, दोन वेगळ्या टायरांवरच्या आकड्यांची तुलना तर करूच नये. अशा शिस्तीत वापरला, तर जडत्वाचा डायनो फार उपयोगाचा आहे. आलेखातला खड्डा कुठे आहे, बदल केल्यावर मधल्या फेऱ्यांत काय सुधारले, हे तो नेमके दाखवतो, कारण ही सगळी उत्तरे फरकातून मिळतात आणि फरक काढताना टायरचा समान वाटा वजा होऊन जातो. म्हणून पैसे देण्याआधी ग्राहकाने ‘किती अश्वशक्ती आली?’ एवढेच विचारून थांबू नये. कोणत्या टायरवर, किती हवेत आणि कितव्या गिअरमध्ये आली, हेही विचारावे. ज्या गॅरेजच्या कागदावर ही उत्तरे आधीच लिहिलेली असतील, त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवायला आधार आहे, मग तो आकडा इतरांपेक्षा दोन अश्वशक्तींनी कमी का असेना.